घागर तिथेच ठेवून

प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार
शुभवर्तमान : योहान 4:5-42



आजच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री भर दुपारी एकटीच विहिरीवर येते. गावाच्या नजरा चुकवण्यासाठीच तिने ही वेळ निवडली असावी. पण प्रभू येशूची ओळख पटताच ती घागर तिथेच ठेवते आणि ज्या लोकांना टाळत होती, त्यांच्याकडेच तडक जाते. जे कळले ते ती स्वतःपाशी ठेवत नाही.

याच्या अगदी उलट वागणूक इंग्लंडमधील एका लहान शहराच्या वाट्याला आली. कॉर्नवॉल परगण्यातील हे शहर म्हणजे कॅमलफर्ड. 6 जुलै 1988 रोजी तेथील लोअरमूर जलशुद्धीकरण केंद्रावर एक बदली टँकरचालक 20 टन अ‍ॅल्युमिनियम सल्फेट घेऊन आला. हे तुरटीच्या जातीचे रसायन. पाण्यातला गाळ बसवण्यासाठी ते अगदी थोड्या प्रमाणात वापरतात. चालकाने ते सारे चुकून शुद्ध केलेल्या पाण्याच्या टाकीत ओतले. तिथून ते घरोघरच्या नळांत गेले.

सुमारे 20,000 लोकांच्या पाण्यात हे रसायन मिसळले. पाणी इतके आम्लयुक्त झाले की पाइपांतील तांबे आणि शिसेही त्यात उतरले. कुणाला मळमळ, कुणाच्या तोंडात फोड, तर कुणाच्या अंगावर पुरळ. पाइप धुतलेले पाणी नद्यांत सोडले, तेव्हा हजारो मासे मेले. लोक विचारत होते आणि पाणी पिण्यास योग्य आहे, असे उत्तर त्यांना मिळत होते. आठवडाभरात कारण कळले होते, तरी खरी गोष्ट वर्तमानपत्रातील एका जाहिरातीतून बाहेर आली ती 22 जुलैला. मधले 16 दिवस लोक अंधारात होते.

1991 साली पाणीपुरवठा मंडळाला 10,000 पौंड दंड झाला. सरकारने माफी मागितली ती 2013 साली, तब्बल 25 वर्षांनी. कायमचा अपाय किती झाला, यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले. पण गेलेला विश्वास कोणत्या तपासणीने परत येणार?

बंधू-भगिनींनो, टाकी चुकणे ही एका क्षणाची चूक होती. गप्प राहणे मात्र रोज सकाळी नव्याने ठरवावे लागले. म्हणूनच मिस्साच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो.

2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. हा हक्क जपणे फक्त सरकारचे काम नाही. विहिरीच्या काठावर औषधफवारणीचा पंप धुताना आपण कुणाला पाहतो, इमारतीची टाकी वर्षभर साफ झालेली नाही हे आपल्याला ठाऊक असते, बावखलात कुणी काय सोडतो हेही दिसते. मग वाईटपणा कशाला घ्या, म्हणून आपण मान फिरवतो. तेच पाणी शेजारचे लेकरू पिते.

या आठवड्यात प्रत्येकाने एवढेच करावे : जे ठाऊक आहे, ते ज्याला सांगायला हवे त्याला नम्रपणे, पण वेळेवर सांगावे. शोमरोनी स्त्रीला गावात मान नव्हता, तरी तिच्या शब्दामुळे गाव प्रभूपाशी आले.

जिवंत पाणी देणाऱ्या प्रभो, आमच्या विहिरी स्वच्छ ठेव आणि आमच्या जिभेला सत्य बोलण्याचे धैर्य दे. आमेन.