दुसऱ्याच्या मुलाचें हित

लहान मुलांच्या द्वाडपणाविषयीं वडील माणसांनीं केलेली तक्रार बहुधा संसाराइतकीच जुनी असेल. नवी आहे ती एक अपेक्षा. मूल बिघडल्यावर त्याला सुधारीत बसण्यापेक्षां तें बिघडूंच नये अशी तजवीज अगोदर करावी, आणि ती आजीबाईच्या बटव्यांतून न काढतां शास्त्रीय संशोधनाच्या आधारानें करावी, असें आतां जागोजागीं ऐकूं येतें. रोग होण्यापूर्वीं लस टोचावी, त्यांतलाच हा प्रकार. कल्पना इतकी सरळ आहे कीं तिच्यांत नीतीचा कांहीं प्रश्न दडला असेल अशी शंकाहि सहसा येत नाहीं.

परंतु प्रश्न आहे, आणि तो बिकट आहे. आजाऱ्याला औषध देणाऱ्याच्या पाठीशीं त्या आजाऱ्याच्या वेदनेचा कौल असतो. ज्या मुलानें अजून कांहींच वावगें केलेलें नाहीं, त्याच्या आयुष्यांत ‘हा पुढें बिघडेल’ म्हणून हात घालणाऱ्यापाशीं असा कौल नसतो. त्याच्यापाशीं असतो तो केवळ सद्धेतु. तेवढा पुरतो काय? तर्कानें उत्तर शोधूं गेल्यास दोन्ही बाजूंनीं पुष्कळ बोलतां येईल. परंतु अमेरिकेंत एका गृहस्थानें तें अनुभवानें शोधण्याची सोय करून ठेविली, आणि ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. रिचर्ड कॅबट, बोस्टनचे नामांकित वैद्य आणि हार्वर्ड विद्यापीठांत वैद्यकाबरोबर समाजनीतीचेहि प्राध्यापक. १९३१ सालीं समाजसेवकांच्या परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं श्रोत्यांस असा आग्रह केला कीं, तुमच्या सेवेचें फळ काय मिळालें हें तपासून पाहावयास लागा. पुढें त्यांनीं स्वतःच मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज व सॉमरव्हिल या शहरांच्या गरीब, दाट वस्तींतील मुलग्यांसाठीं एक योजना आंखली. शिक्षक, पोलीस वगैरेंकडून नांवें मागविलीं. कोणावर ‘वाईट’ असा शिक्का बसूं नये म्हणून हूड मुलग्यांबरोबर साधे सरळ मुलगेहि घेतले. वय, बुद्धि, स्वभाव, घरची परिस्थिति हें सर्व पाहून एकास एक जुळणाऱ्या जोड्या लाविल्या, आणि जोडींतल्या कोणाला मदत करावयाची हें चक्क नाणें उडवून ठरविलें. कॅबट १९३९ मध्येंच वारले. काम मात्र १९४५ पर्यंत चाललें. मदत मिळालेल्या मुलग्याकडे सरासरीनें महिन्यांतून दोनदां एक मार्गदर्शक जाई व घरच्या अडचणी ऐके. निम्म्यांहून अधिक जणांस अभ्यासाची शिकवणी मिळाली, शंभरांहून अधिकांस वैद्यकीय किंवा मानसिक उपचार मिळाले, सुमारें चौथ्या हिश्शाला उन्हाळी शिबिरांत धाडलें. शेवटपर्यंत टिकलेल्या जोड्या २५३ होत्या. यांतली एकहि गोष्ट अशी नाहीं कीं जी आपण आपल्या मुलासाठीं आनंदानें करणार नाहीं.

तीस वर्षांनीं, १९७५-७६ सालीं, जोन मॅकॉर्ड या विदुषीनें त्या मुलग्यांचा शोध घेतला. आतां ते चाळिशी उलटलेले गृहस्थ होते. मदत मिळालेल्यांपैकीं ज्यांनीं उत्तरें दिलीं, त्यांतले सुमारें दोन-तृतीयांश म्हणाले कीं योजनेनें आमचें भलें झालें. मग मॅकॉर्डबाईंनीं न्यायालयांचीं, इस्पितळांचीं व मृत्यूंचीं दप्तरें पाहिलीं. गुन्हा करणाऱ्यांची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखी. म्हणजे इतक्या वर्षांच्या खटपटीचा लाभ शून्य. शून्यावर थांबतें तरी बरें होतें. एकदां गुन्हा करून पुन्हां करणारे मदत मिळालेल्यांतच अधिक; दारूच्या आहारीं गेल्याचीं लक्षणें त्यांच्यांत अधिक; गंभीर मनोविकार अधिक; आणि जे मरण पावले ते दुसऱ्या गटांतील मृतांपेक्षां लहान वयांत. १९७८ सालीं हें सर्व छापून निघालें.

असें कां व्हावें? परावलंबनाची संवय लागली असेल. उंचावलेल्या अपेक्षा मदत थांबतांच कोसळल्या असतील. ‘मला मदत लागते, म्हणजे माझ्यांतच कांहीं उणें आहे’ असें मुलग्यांनीं मनाशीं घेतलें असेल. हे सारे तर्कच. परंतु १९९९ सालीं मॅकॉर्डबाईंनीं इतर संशोधकांसमवेत असें दाखविलें कीं ही हानि मुख्यतः एकाहून अधिक वेळां शिबिरास गेलेल्या मुलग्यांत एकवटली होती. मोठ्यांची पाठ वळली कीं मुलगे एकमेकांचे गुरु होतात, आणि वाह्यात पराक्रमांच्या बढायांस टाळ्या पडतात. ज्यानें वसतिगृहांत दिवस काढले आहेत त्याला हें निराळें सांगावयास नको.

नाण्याची गोष्ट ऐकून पुष्कळांस राग येतो. निम्म्या मुलग्यांस मुद्दाम वंचित ठेविलें, ही कसली दया? १९३९ सालीं हा आक्षेप अत्यंत सात्त्विक वाटला असता. परंतु वंचित राहिले तेच बचावले! आणि नाणें नसतें तर त्या कृतज्ञ उत्तरांच्या बळावर योजना गांवोगांव पसरली असती, व तिच्यामुळें कोणाचें काय झालें हें कोणालाच कधीं कळलें नसतें. आमच्या मतें त्या सबंध खटपटींत सर्वांत नीतिमान कृत्य ती नाणेफेकच होती. दया करणाराला स्वतःविषयीं शंका घेण्यास तेवढीच एक जागा तेथें ठेविलेली होती.

आपल्याकडे मे महिन्याच्या सुटींत संस्कारवर्ग आणि व्यक्तिमत्त्वविकासाचीं शिबिरें भरतात. त्यांचे चालक बहुधा फार भले असतात. समारोपाच्या दिवशीं मुलें श्लोक म्हणून दाखवितात, पालक सद्गदित होतात, वहींत अभिप्राय लिहितात, आणि तोच पुरावा ठरतो. अशा कृतज्ञतेच्या पोटांत काय दडूं शकतें तें वर आलेंच आहे.

यावर कोणी म्हणेल, मायेचा असा हिशेब मागूं लागलांत तर आईलाहि नाणें उडवावें लागेल. तसें नव्हे. आई मुलाला कुशींत घेते तेव्हां तिच्याकडे कोणी आंकडे मागूं नयेत. ती चुकली तर त्या चुकीचें फळ पाहावयास व भोगावयास ती जन्मभर तेथेंच असते. संस्था चुकली तर ती पुढल्या वर्षीं नव्या मुलांकडे वळते, आणि तेंहि समाधानानें. हिशेबाचें ओझें परक्यावर अधिक तें यासाठीं.

सर्वच खटपट फुकट जाते असेंहि नाहीं. १९६९ सालीं कॅन्सास संस्थानांतील एका चौथीच्या वर्गांत ‘सद्वर्तनाचा खेळ’ करून पाहण्यांत आला. वर्गाचे दोन संघ करावयाचे. कोणी जागा सोडली किंवा मध्येंच बोललें कीं त्याच्या संघापुढें फळ्यावर रेघ. ज्याच्या रेघा कमी त्याला कांहीं क्षुल्लक सवलत, आणि दोघांच्याहि कमी असल्यास दोघांना. पाहावयास गेलें तर पोरखेळच. १९८५ सालीं बाल्टिमोर शहरांत शेपर्ड केलॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो पहिलीच्या वर्गांवर, तुलनेसाठीं निराळे वर्ग ठेवून, करून पाहिला, आणि तीं मुलें एकोणीस ते एकवीस वर्षांचीं झाल्यावर त्यांची पुन्हां चौकशी केली. पहिलींत जे मुलगे फार आडदांड होते, त्यांच्यांत खेळ खेळलेल्यांना मादक पदार्थांचें व्यसन स्पष्टपणें कमी लागलें होतें. येथें कोणाला बाजूला काढलें नव्हतें. आडदांड मुलगा शांत सोबत्यांमध्येंच राहिला, आणि वळण लागलें तें सबंध वर्गाला. तथापि एकाच्या चुकीचा भार संघानें सोसावा हें आम्हांस पूर्णपणें रुचत नाहीं. एखादा मुलगा त्यापायीं सोबत्यांच्या रोषास पात्र होत असेल, तर सरासरीच्या आंकड्यांत तें दिसणारहि नाहीं.

आणखी एक गोष्ट या प्रयोगांत घडली. पुढल्या वर्षीं पहिलींत आलेल्या मुलांवर तोच खेळ झाला; शिक्षकहि बहुतेक तेच होते, मात्र त्यांस मिळणारें शिक्षण व साहाय्य कमी झालें होतें. त्या मुलांत परिणाम क्षीण आढळला. ज्या पुस्तिकेवर आज ‘संशोधनसिद्ध’ असा छाप मारलेला असतो, तिच्यांतले आंकडे पहिल्या वर्षाचे कीं दुसऱ्या, हें पालकांनीं विचारावयास हरकत नाहीं.