रुपयाची गोष्ट

वर्ष सरताना मनात आलं, जुन्या कोल्हापूरच्या कुठल्या गोष्टी लोक आवडीनं ऐकतात? खासबागचं कुस्तीचं मैदान पहिलं, यात वाद नाही. कुस्तीचा विषय काढला की इथं पानपट्टीवरही इतिहासकार भेटतो. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दार आपसूक उघडतं, हे कितीदा सांगितलं तरी पोरं डोळे विस्फारतात.

केशवराव भोसले नाट्यगृहाची गत वेगळी. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते ‘पॅलेस थिएटर’. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत गेलं आणि मग जो तो त्याचा इतिहास विचारू लागला. धडधाकट होतं तेव्हा आपण नाटक बघून मुकाट घरी जात होतो!

आणि कुणी फारसं न विचारणारी गोष्ट? शाहू महाराजांचाच १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. यात ना शड्डू, ना पूर, ना आग. मला विचाराल तर हीच गोष्ट आधी सांगावी. त्या काळी रुपया म्हणजे मजुराची काही दिवसांची कमाई होती.