सांत्वन धर्माचं, जबाबदारी माणसांची

२८ जानेवारी २०२० च्या दुपारी मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षा यांची धडक झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. २६ माणसं गेली. बस धुळ्याहून कळवणकडे निघालेली. रिक्षात मालेगावजवळच्या येसगावचं एक मुस्लिम कुटुंब, सोयरिकीच्या कामानं बाहेर पडलेलं. एकाच विहिरीतून काढलेल्या देहांपैकी काही स्मशानात गेले, काही कब्रस्तानात. कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवसापासून एकच प्रश्न उरला: आमच्याच माणसाला का?

या प्रश्नाचं उत्तर धर्म देतो, अशी आपली समजूत आहे. मला वाटतं, धर्माचं खरं सामर्थ्य तिथे नाहीच. उत्तर सापडत नसतानाही माणसाला उभं ठेवणं हे त्याचं सामर्थ्य आहे. आणि जिथे तो उत्तर द्यायला जातो, तिथेच अनेकदा घात होतो.

आघातानं नेमकं काय मोडतं, हे मानसशास्त्रज्ञ रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९९२ साली मांडलं. जग बऱ्यापैकी सुरक्षित आहे, घडणाऱ्या गोष्टींना काही संगती असते, आपण भले आहोत, अशा समजुती आपण न बोलता धरून चालतो. संध्याकाळी घरी येणारा माणूस आला नाही की या समजुती एका क्षणात ढासळतात. अशा वेळी तत्त्वज्ञान कामाला येत नाही. पुढच्या तासाला काय करायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं.

ते काम आपल्या गावांत धर्म करतो. घरात चूल पेटत नाही, म्हणून भावकी भाकरी घेऊन येते. लोक दारावर येतात, बहुतेक जण काही न बोलता बसतात. दहाव्याला नदीकाठी प्रवचन होतं, पंचक्रोशी जमते. मुस्लिम घरात कुराणपठण होतं, चाळिसाव्यापर्यंत माणसं येत-जात राहतात. दोन्हीकडचे विधी वेगळे, पण काम एकच. बेबंद दुःखाला ते दिवसांचा क्रम देतात आणि दुःखी माणसाला एकटं पडू देत नाहीत. हे सगळं धर्माशिवायही करता येईल, असं कुणी म्हणेल. येईलही. पण मध्यरात्री निरोप मिळाल्यावर पहाटेपर्यंत सगळं गाव हलवणारी दुसरी व्यवस्था आपण अजून उभी केलेली नाही, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरं म्हणजे, श्रद्धा माणसाला भांडायला कुणीतरी देते. महाभारतातली गांधारी शंभर पुत्र गमावल्यावर प्रत्यक्ष कृष्णाला शाप देते आणि कृष्ण तो स्वीकारतो. आपल्या संतांनी विठ्ठलाला जाब विचारला, खडसावलं. देवावरचा राग हा आपल्याकडे अधर्म मानलेला नाही. म्हणून रडणाऱ्या आईला ‘देवाला बोल लावू नको’ म्हणणारे परंपरेपेक्षाही कर्मठ ठरतात.

अर्थाचं काय? १६३० च्या दुष्काळात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यवसाय बुडाला. त्यानंतर, परंपरा सांगते, त्यांनी स्वतःच्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. दुष्काळ का पडला, या प्रश्नाचं उत्तर त्या कृतीत नव्हतं. ज्यांना त्याच दुष्काळानं भरडलं होतं, त्यांच्या मानेवरचं ओझं तिनं उतरवलं. दुःखाचा अर्थ कुठे लपलेला नसतो. तो पुढच्या वागण्यातून घडवावा लागतो. श्रद्धा त्यासाठी बळ देऊ शकते.

ती उलटही फिरू शकते. आघातानंतरच्या धार्मिकतेचा अभ्यास करणाऱ्या केनेथ पार्गामेंट यांनी तिच्या दोन वाटा दाखवल्या. देव सोबत आहे असं मानणारे तुलनेनं सावरतात. देव शिक्षा करतो आहे असं मानणारे आणखी खचतात. आजारी वृद्धांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. देवानं टाकलं, अशा भावनेशी झगडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण अधिक आढळलं. ‘मागच्या जन्मीचं पाप’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो, आणि ऐकणाऱ्याला ते किती महागात पडतं!

१९३४ च्या बिहारमधल्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. गांधीजींचा हेतू उदात्त होता, तरी टागोरांचंच बरोबर होतं. शिक्षा म्हणावी, तर ढिगाऱ्याखाली गेलेल्या तान्ह्या पोरांचा गुन्हा कोणता?

‘वेळ भरली होती’, ‘अल्लाची मर्जी’ ही वाक्यं दारावर बसलेल्या माणसाच्या तोंडून आली तर त्यांत माया असते. तीच सार्वजनिक निष्कर्ष बनली की मात्र रस्त्याला खेटून असलेली विहीर, तिचा कठडा, वाहनाचा वेग, वाहनाची अवस्था हे सगळे प्रश्न विझतात. नशिबाची चौकशी करता येत नाही. रस्त्याची करता येते आणि केलीच पाहिजे.

सावरतं की खचवतं, हा निकष विधींनाही लावावा लागेल. पती गेलेल्या स्त्रीच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे सांत्वन नव्हे; तो दुसरा आघात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानं इतर गावांना त्याचं अनुकरण करण्याचं आवाहन केलं. जे दुखावतं ते सोडता येतं आणि जे सावरतं ते ठेवता येतं, हे त्या गावानं दाखवून दिलं.

म्हणून दहाव्याला बोलणाऱ्या महाराजांना आणि जनाज्याची नमाज पढवणाऱ्या मौलानांना माझी विनंती आहे. मृत्यूचं कारण सांगू नका. जिवंत राहिलेल्यांना सांभाळायला सांगा. झोप उडालेल्या, दचकून उठणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे न्या किंवा १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर बोलायला सांगा, हेही त्याच प्रवचनात सांगा. त्यानं श्रद्धा उणावत नाही. आणि आपण सगळ्यांनी तेराव्यानंतर, चाळिसाव्यानंतरही त्या घरी जात राहावं. गर्दी ओसरल्यावरच दुःखी माणसाला सोबतीची सर्वाधिक गरज असते.