गोडीचे भय

पेंचेच्या खोऱ्यातील पारशिवनीसारख्या गावात, जेथे खंजिरीवरची तुकडोजी महाराजांची भजने ऐकतच पिढ्या वाढल्या, तेथे गाण्याची गोडी भक्तीची वैरीण ठरू शकते हा विचार कोणाच्या मनास शिवणे कठीण. युरोपातील ख्रिस्ती धर्माने मात्र या शंकेचे ओझे हजार वर्षांहून अधिक काळ वाहिले. संत ऑगस्टीन याने इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात कबुली दिली आहे, की गीताच्या अर्थापेक्षा सूरच जेव्हा आपणांस अधिक हलवितो, तेव्हा आपल्या हातून पाप घडते. आणि तरीही, प्रार्थनागीतांनी एके काळी डोळ्यांत आणलेले अश्रू त्यास विसरवत नाहीत.

मठांतील एकपदरी गायनावर पॅरिसच्या नोत्र दाम या चर्चमध्ये बाराव्या शतकापासून स्वरांचे थर चढू लागले, आणि पुढे चार-पाच कंठ एकाच वेळी निरनिराळ्या चाली गाऊ लागताच मंत्राचे शब्द त्या जाळ्यात हरवले. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेत १५६२ साली या तक्रारीचा विचार झाला, शब्द स्पष्ट कळावेत असा आग्रह धरला गेला, आणि संगीतकार पॅलेस्ट्रिनाच्या एका रचनेने बहुस्वरी संगीत वाचविले अशी आख्यायिका (आख्यायिकाच ती!) रूढ झाली. परंतु स्पष्ट व्हावयाचे ते शब्द होते लॅटिन, सामान्य उपासकास मुळातच अगम्य. धर्मसुधारक लूथरने त्याआधीच स्तोत्रे लोकभाषेत आणली होती, आणि त्याच पायावर संगीतकार बाखने पुढे ख्रिस्ताच्या यातनांचे महासंगीत उभारले.

आपल्याकडे गोडीचा आणि लोकभाषेचा हा प्रश्न गोव्यात उपस्थित झाला. पोर्तुगीज अंमलात तेथील चर्चशाळांतून मुलांस युरोपीय गायन शिकविले जात असता, १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तकथेसाठी निवडला तो आपल्या ज्ञानेश्वरीचा ओवीछंद, आणि भाषा मराठी. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले व १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघाले.

यावरून माझे मत असे झाले आहे, की धर्मसत्तेस गोडीचे भय फारसे नसतेच. गोडीचा परवाना कोणी द्यावयाचा, एवढीच तिची चिंता असते. ज्या गोव्यात ओवीछंदातले ‘क्रिस्तपुराण’ निघाले, तेथील इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली मनाईहुकूम काढून लग्नघरी ओव्या गाण्यास बंदी केली.