कुंपणाआतला खेळाडू

संघ धर्मावरून पाडलेले असतील, तर खेळाडूने त्यात उतरावे का? या प्रश्नावर वाद घालायला समोर कवठे महांकाळकडचा एखादा वस्ताद कल्पावा. कारण तिकडच्या जत्रेतल्या मैदानात मल्लाचा पुकारा गावाच्या आणि तालमीच्या नावाने होतो. वस्ताद पहिल्याच दमात म्हणतील, "उतरावं की! पोरानं खेळायचं. संघ कुणी पाडले, ते काय त्याच्या हातात आहे? अन् चांगलं खेळला तर कुंपण आपोआप मोडतंय."

वस्ताद, शेवटच्या वाक्यावर माझे अडते. दाखला तुमच्याच जिल्ह्यातला घ्या. क्रिकेटपटू विजय हजारे १९१५ साली सांगलीत, ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन असे संघ होते. या चौकटीत न बसणाऱ्यांचा पाचवा संघ, त्यात हजारे. अशा सामन्यांना गांधीजींनी १९४० साली उघड विरोध केला होता. तरी १९४३च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला, हजारेंचा संघ १३३त आटोपला आणि फॉलोऑननंतर त्याने ३८७ केल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! धाकटे बंधू विवेक यांच्यासह तीनशेची भागी झाली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. सामना एक डाव ६१ धावांनी गेला तो गेलाच. पण कुंपण मोडले का? स्पर्धा त्यानंतरही दोन हंगाम चालली. असामान्य खेळाने कुंपणाची शोभाच वाढते, ही यातली अवघड बाजू.

ग्लासगोच्या फुटबॉलमध्येही हेच दिसते. फाइफच्या खाणकामगारांच्या वस्तीतला जॉन थॉमसन हा प्रोटेस्टंट तरुण कॅथलिकांचा मानल्या जाणाऱ्या सेल्टिकचा लाडका गोलरक्षक होता. ५ सप्टेंबर १९३१ रोजी प्रोटेस्टंटांच्या रेंजर्सविरुद्ध तो त्यांच्या सॅम इंग्लिशच्या पायांवर झेपावला, कवटी फुटली आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याच रात्री तो गेला. काही रेंजर्स-समर्थक ओरडू लागले, तेव्हा त्यांच्याच कर्णधाराने, डेव्ही मिकलजॉनने, त्यांना हाताने गप्प केले. चौकशीत तो अपघात ठरला; तरी इंग्लिशला पुढे मैदानोमैदानी हेटाळणी सोसावी लागली. दुफळी थॉमसनच्या निवडीने मिटली नाही, त्याच्या मरणानेही नाही.

वस्ताद इथे पेच टाकतील: "सेल्टिक तर दुसऱ्या पंथाचा गडी घेत होतं. म्हणजे कुंपण लोकांच्या डोक्यात आहे. मग स्पर्धा बंद करून काय साधणार?" पेच खरा आहे, पण अर्धाच. रेंजर्सने कित्येक दशके अलिखित रिवाजाने कॅथलिक खेळाडू टाळले. १९८९ साली कॅथलिक मो जॉन्स्टनला घेतल्यावर केवढा गहजब झाला! संघ कसे पाडायचे हे ठरवणारेही लोकांच्या डोक्यात काहीतरी भरत असतात. याउलट हजारेंच्या काळात रणजी करंडकाचे संघ प्रदेशावर आणि संस्थानांवर बेतलेले होते. मार्च १९४७मध्ये, फाळणीच्या तोंडावर, बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध अंतिम सामन्यात हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९ यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. पंचरंगीत ही जोडी एका बाजूने खेळूच शकली नसती. माणसे तीच होती, संघ पाडायची रीत बदलली होती. त्या भागीने फाळणी टळली नाही, हे उघड आहे. क्रिकेटकडून तेवढे मागणे हा आपलाच बावळटपणा.

"मग १९४३ला हजारेंनी घरी बसायला पाहिजे होतं?" नाही, वस्ताद. युद्धामुळे कसोटी सामने बंद होते, खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकी, आणि देशातले मोठे व्यासपीठ तेच होते. नकार दिला असता तर तो मोठेपणा ठरला असता. पण मोठेपणा कुणाकडून सक्तीने वसूल करता येत नाही. जाब विचारायचा तो स्पर्धा भरवणाऱ्या जिमखान्यांना, आणि तिकीट काढून आपापल्या धर्माचा संघ जिंकताना पाहायला जाणाऱ्यांना. त्रिशतकाचे श्रेय मात्र त्यांतल्या कुणालाही देऊ नये.