कोड खुला, कारखाना कुणाचा?

फायली, फोटो, कॅलेंडर ड्रॉपबॉक्ससारखं सगळीकडे दिसावं, पण सर्व्हर मात्र आपला असावा, एवढ्या मागणीतून फ्रँक कार्लित्शेक या जर्मन प्रोग्रामरने जानेवारी २०१० मध्ये ‘ओनक्लाउड’ जाहीर केलं. पुढे त्याची कंपनी झाली, गुंतवणूकदार आले. एप्रिल २०१६ मध्ये कार्लित्शेक स्वतःच बाहेर पडले आणि जूनमध्ये त्याच कोडमधून ‘नेक्स्टक्लाउड’ उभं राहिलं. बरेच मुख्य प्रोग्रामर त्यांच्याबरोबर गेले. ओनक्लाउडच्या अमेरिकेतल्या कंपनीला लगेचच टाळं लागलं. दोनच वर्षांत जर्मन केंद्र सरकारच्या आयटी यंत्रणेने आपल्या फायलींसाठी नेक्स्टक्लाउड निवडलं.

स्वतःच्याच कंपनीतून कोड घेऊन कसं जाता आलं? परवान्यामुळे. साध्या जीपीएल परवान्यात प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तरच त्याचा सोर्स द्यावा लागतो. सर्व्हरवर तो नुसता चालवला तर ‘दिला’ असं होत नाही, म्हणजे क्लाउडच्या काळात ही अट बिनकामाची ठरते. २००७ च्या एजीपीएलने ही पळवाट बुजवली: बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात, तर बदलही द्या. ओनक्लाउड या परवान्याखाली होतं.

पण परवाना ही अर्धीच गोष्ट. ओनक्लाउडला कोड देणाऱ्याला कंपनीशी करार करावा लागे. त्या करारामुळे तोच कोड बंद परवान्यावर विकण्याची मुभा कंपनीला मिळे, इतरांना नाही. नेक्स्टक्लाउडने हा करारच काढून टाकला. तिथे प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी सहीची ओळ लागते, आणि हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. उद्या परवाना बदलायचा म्हटलं, तर शेकडो जणांची संमती गोळा करत फिरावं लागेल. हीच अडचण प्रकल्पाचं संरक्षण आहे. सभासदांच्या उसावर आणि भागभांडवलावर उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने लिलावात खासगी हातांत जाताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे संरक्षण का लागतं, ते वेगळं सांगायला नको.

रेडिसचं पाहा. साल्व्हातोरे सानफिलिप्पो या सिसिलियन माणसाने २००९ मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस उदार बीएसडी परवान्याखाली होता. करार नव्हता, पण गरजही नव्हती. बीएसडी कुणालाही पुढची आवृत्ती अधिक बंधनांच्या परवान्याखाली काढू देतो. मार्च २०२४ मध्ये रेडिस कंपनीने तेच केलं. आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ निघालं, पाठीशी अॅमेझॉन आणि गूगल. २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला. बड्या क्लाउड कंपन्या फुकट कोडावर गल्ला भरतात, ही रेडिसची तक्रार खोटी नव्हती. उपाय मात्र योगदान देणाऱ्यांच्या पाठीमागे झाला, आणि ते मला गैर वाटतं.

योगदान म्हणजे काय, हे आत शिरल्यावरच कळतं. नेक्स्टक्लाउडमध्ये प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक ईटॅग, म्हणजे बदल ओळखायची खूण, असते. खोल कुठल्या फोल्डरात एक फाइल बदलली, की तिच्यावरच्या सगळ्या फोल्डरांचे ईटॅग बदलत बदलत मुळापर्यंत जातात. क्लायंट फक्त मुळाचा ईटॅग विचारतो. तो तोच असेल तर लाखभर फायली तपासायची गरजच नाही. कल्पना सुंदर. पण शेअर केलेलं फोल्डर, बाहेरचं स्टोअरेज, एकाच वेळी दोघांनी केलेला बदल यांत ती साखळी कुठेतरी तुटते आणि कुणाची तरी फाइल सिंक होत नाही. ती चूक पुन्हा घडवून दाखवणं, तिच्यासाठी टेस्ट लिहिणं, जुन्या आवृत्तीवरून येणाऱ्याचा डेटाबेस न मोडता अपग्रेड करणं, हे खरं काम. त्याला टाळ्या मिळत नाहीत.

याउलट, २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या खुल्या कोडाच्या मोहिमेत टी-शर्टसाठी रीडमीत एखादा शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टांचा, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा, पूर आला. त्यात भारतीय मुलं बरीच होती. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी होकार दिला, तेच धरले जातील. हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत ज्यांची रोजीरोटी या कोडावर चालते, त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षा आहे.

म्हणून पहिली पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी दोन फायली वाचा: परवान्याची आणि योगदानाच्या नियमांची. करारावर सही मागितली असेल, तर हक्क ना-नफा संस्थेकडे जातात की कंपनीकडे, ते विचारा. आणि उत्तर पटलं नाही, तर खुशाल दुसरा प्रकल्प शोधा.