छपरावाचून उभे असलेले चर्च

देवाचे घर कशाने देवाचे ठरते, भिंतींनी व छपराने, तेथे नित्य चालणाऱ्या उपासनेने, की एकदा विधिपूर्वक झालेल्या समर्पणाने, हा धर्मशास्त्रातील जुना वाद डेराबस्सीच्या दक्षिणेस, अंबाल्याच्या छावणीत, दगडविटांच्या रूपाने आजही उभा आहे. करनालच्या छावणीत हिवतापाने कहर केल्यावर कंपनी सरकारने १८४३ च्या सुमारास फौजेचा तळ अंबाल्यास हलविला, आणि करनालच्या जुन्या चर्चचा मनोरा तेवढा मागे एकटा राहिला. अंबाल्यास इंग्रजी गॉथिक धाटणीचे संत पॉलचे जे नवे चर्च बांधले गेले, त्याचे समर्पण १८५७ च्या आरंभी, बंडाचा वणवा पेटण्याच्या अवघे काही महिने आधी झाले. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी विमानांच्या बॉम्बवर्षावात ते कोसळले. मनोरा आणि टोकदार कमानींच्या काही भिंती मात्र उरल्या.

इंग्लंडातील खेडोपाडीच्या परगणा-चर्चांचा जो आराखडा छावणीच्या इंजिनिअरांनी येथवर आणला, त्याची सामान्य रचना मराठी वाचकास अपरिचित वाटू नये. पश्चिमेस मनोरा, मध्ये गावकऱ्यांचा लांबट सभामंडप, आणि पूर्वेस धर्मगुरूंचे व वेदीचे स्थान असलेला चॅन्सेल, ज्याच्या उंबरठ्यावर मध्ययुगात कोरीव लाकडी जाळी असे. या दोन भागांतील भेद केवळ भक्तीचा नव्हता, हिशेबाचाही होता. दशमांशाचे उत्पन्न घेणाऱ्या धर्माधिकाऱ्याने चॅन्सेलची डागडुजी करावी आणि सभामंडपाची गावाने, असा इंग्लंडचा जुना दंडक होता. आपल्याकडील देवस्थानांचे वतन, इनाम आणि गावकीचे हक्क ज्यांनी दप्तरांत पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. आणि धर्माचा व्यवहार असा कागदावर उतरला म्हणून त्याचे पावित्र्य उणावते, असे मला वाटत नाही. छपराची गळती कोणी थांबवावी, हे ज्या गावाने ठरवून ठेवले, त्या गावाची श्रद्धा मी अधिक खरी मानतो.

परंतु या वास्तूचे मर्म तिच्या दिशेत आहे. मशिदीची दिशा एका स्थळाकडे असते, म्हणून भारतातील मशिदीत नमाजी मक्केकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करतो. इंग्रजी चर्चची वेदी मात्र पूर्वेस असते, आणि ही रूढी भारतात आली तेव्हा, जेरुसलेम आता पश्चिमेस राहिले म्हणून, कोणी तिची दिशा उलटविली नाही; कारण ही पूर्व एखाद्या नगराची नसून उगवत्या सूर्याची, पुनरुत्थानाची आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची होती. आपल्या बहुतेक मंदिरांत देव पूर्वेकडे पाहतो, त्यामुळे दर्शनार्थी त्याच्यासमोर पश्चिमाभिमुख होतो. येथे मात्र उपासक, आणि जुन्या परिपाठाप्रमाणे उपाध्यायही, एकाच दिशेला तोंड करून, अद्याप न आलेल्याची वाट पाहतात. एका रचनेत ईश्वर समोर आहे, दुसरीत तो येणार आहे, आणि या दोन अनुभवांतील अंतर मला दोन धर्मांच्या तत्त्वज्ञानातील कित्येक वादांहून अधिक मूलगामी वाटते.

म्हणूनच अंबाल्याचा प्रश्न मला विशेष अस्वस्थ करतो. आपल्या शास्त्राप्रमाणे प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते, मूर्ती भंगली की तिचे विसर्जन करावे आणि जीर्णोद्धार करून नवी प्रतिष्ठा करावी. देवाला निरोप देण्याचा विधीच आपल्याकडे आहे. इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात मात्र बिशपने केलेले समर्पण इमारत पडली म्हणून आपोआप सुटत नाही, ते रीतसर हुकुमानेच उठवावे लागते. मी ज्या परंपरेत वाढलो, तिच्या न्यायाने पाहिले तर अंबाल्याची ही भग्न वास्तू देवाने सोडलेली मानावी लागेल. तरीही माझे मन दुसऱ्या बाजूला झुकते, कारण जी वास्तू मुळातच येणाऱ्याच्या प्रतीक्षेसाठी मांडली गेली, तिच्या पावित्र्याचा आधार छप्पर नव्हतेच; आणि बॉम्बने जे पाडले, त्यात तिची पूर्व दिशा नव्हती.